लाँड्रीतली एक्केचाळीस मतं

पहाटे सव्वाचारला घडीताईचा दिवस सुरू व्हायचा. गजराच्या आधीच तिला जाग यायची, तरी ती गजर लावायची. "मी उठतेच" म्हणणाऱ्या माणसांवर तिचा विश्वास नव्हता, स्वतःवरही नव्हता. डबा भरायचा, पायांत जाड मोजे चढवायचे आणि पाचची बस पकडायची. सहाचा भोंगा वाजायचा तेव्हा तिच्या हातात पहिली चादर असायची.

आमची लाँड्री रुग्णालयांची. चार रुग्णालयांच्या चादरी, अभ्रे आणि हिरवे डगले आज यायचे आणि उद्या परत जायचे. मी बॉयलरवर होतो. माझ्या खोलीला काचेची खिडकी होती आणि तिच्यातून घडीचं टेबल समोर दिसायचं. सत्तावीस वर्षं मी ते टेबल पाहिलं, म्हणून हे लिहितो आहे.

काम सांगायला सोपं. पिळलेली चादर गरम रुळाखालून जाते आणि पलीकडून कोरडी, कडक, बोटं पोळतील अशी बाहेर येते. ती पकडायची, झटकायची, उजेडावर धरून डाग आणि फाट बघायची, कोपऱ्याला कोपरा लावून चार घड्या घालायच्या. तासाला शंभर चादरी. कोपरा बोटभर सरकला तर ताई अख्खी चादर उलगडून पुन्हा घडी घालायची आणि शंभराचा आकडाही चुकवायची नाही.

मुकादम म्हणायचा, "ताई, आजारी माणूस काही पट्टी घेऊन बसत नाही."

"मी बसते ना," ती म्हणायची.

प्रत्येकाला पितळेचा बिल्ला होता, त्यावर नंबर. आपण बांधलेल्या गठ्ठ्यात आपल्या नंबरची चिठ्ठी घालायची. गठ्ठ्यात खोट निघाली की रुग्णालयातून चिठ्ठी परत यायची आणि तो नंबर दारातल्या फळ्यावर लागायचा. ताईचा नंबर अठरा. सत्तावीस वर्षांत अठरा फळ्यावर दोनदा लागला. त्यातल्या एका वेळी चूक तिची नव्हती, हे ती न विचारता सांगायची.

तिचा नवरा गवंडी होता. लेक चार वर्षांची असताना तो परांचीवरून पडला. त्याबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. लेकीला तिने एकटीने वाढवलं. शिकून ती औषधांच्या दुकानात लागली, दोन मैत्रिणींबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहू लागली. तिघी मिळून गाणी करायच्या. एक ड्रम वाजवायची, एक गिटार, आणि लेक गायची.

आता रेडिओचं सांगतो. आत फोन न्यायला बंदी होती, रेडिओला नव्हती. रूळ चालवणाऱ्या पोराने, त्याला आम्ही रूळवाला म्हणायचो, दोऱ्यांच्या कपाटावर एक रेडिओ आणून ठेवला आणि तरुणांचं स्टेशन लावलं. ते अकरा वर्षं तसंच राहिलं. पहिले सहा महिने आम्ही जुनी माणसं कुरकुरलो. नंतर सवय झाली. ताईला मात्र सवय झाली नाही. तिला गोडी लागली. सकाळी सहा ते दुपारी दोन, आठवड्याचे सहा दिवस, ती ते स्टेशन ऐकायची. निवेदकालाही माहीत नसेल इतकी गाणी तिला माहीत झाली. कुठला गायक श्वास चोरतो, कुठल्या गाण्यात शेवट नुसता ओढला आहे, हे ती घडी घालता घालता सांगायची. पोरं हसायची, पण मग ऐकायची.

वर्षअखेरीला हे स्टेशन कौल घ्यायचं. वर्षभरातल्या नव्या गाण्यांपैकी प्रत्येकाने दहा निवडायची, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत क्रम लावायचा आणि संगणकावरून मत पाठवायचं. मतं मोजून शंभर गाण्यांची यादी निघायची आणि शेवटच्या शनिवारी दिवसभर ती उलट्या क्रमाने वाजायची. "हा तुमचा आवाज!" असं निवेदक तासातून चारदा ओरडायचा. ताईचा या कौलावर जुना राग होता. लोक पाच-सहा गाणी अर्धवट ऐकतात, बाकीचे आकडे मित्रांच्या सांगण्यावरून भरतात आणि त्याला निकाल म्हणतात, असं तिचं म्हणणं. "तपासल्याशिवाय गठ्ठा बांधायचा आणि वर चिठ्ठी मात्र आपल्या नावाची घालायची," ती म्हणायची.

त्या वर्षी लेकीचं गाणं स्टेशनवर लागलं. गाण्याचं नाव 'तिसरा मजला'. पहिल्यांदा लागलं तेव्हा रूळवाल्याने रूळ थांबवला. ताई म्हणाली, "चालू कर, चादर करपेल." गाणं संपेपर्यंत तिने सात चादरी पुऱ्या केल्या. मी खिडकीतून मोजल्या, कारण माझे डोळे तिच्या चेहऱ्याकडे जायला धजत नव्हते.

गाणं चाललं. कौलात घेण्याजोग्या गाण्यांच्या यादीत आलं. पहिल्या शंभरात आलं तर एक मोठा कार्यक्रम करणारा माणूस तिघींना बोलावणार होता. मग पाळीतले सगळे ताईभोवती जमले. वेगळं काही करायला नको, आपण एक्केचाळीस जण आहोत, एक्केचाळीस मतं पहिल्या क्रमांकाची, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

"कशाला?" ताई म्हणाली. "माझी लेक म्हणून मत टाकाल, तर ते मत नाही, भीक आहे. द्यायचंच असेल तर ऐकून द्या."

"ऐकलंय की, ताई. पहिल्याच वेळी आवडलं," गठ्ठे बांधणारा म्हणाला.

"चादरही लांबून पांढरीच दिसते," ताई म्हणाली. "उजेडावर धर."

आणि तिने आम्हाला कामाला लावलं. यादीतली सगळी गाणी स्टेशन महिनाभर फिरवून वाजवणार होतं. तिने भिंतीवर कागद चिकटवला. दीडशेवर गाण्यांची नावं, प्रत्येकापुढे तीन चौकोन. गाणं वाजलं की एक चौकोन भरायचा. तीनही भरल्याशिवाय त्या गाण्याला मत नाही, आणि सगळ्या गाण्यांचे तीन चौकोन भरल्याशिवाय कोणालाच मत नाही. मी बॉयलरच्या आवाजात बसणारा माणूस. मला दार उघडं ठेवून ऐकावं लागलं आणि महिनाभर खोलीत थंडी शिरली. पण ऐकलं. आयुष्यात मी इतकं लक्ष देऊन काही ऐकलं नव्हतं.

मग प्रत्येकाने गठ्ठ्याच्या चिठ्ठीमागे आपापली दहा गाणी लिहिली. एकमेकांना दाखवायची नाहीत, हा ताईचाच नियम. घरी गेल्यावर विसरतील, नाहीतर मुलंबाळं बदलून टाकतील, म्हणून मतं लाँड्रीतूनच पाठवायची ठरली. हजेरीच्या खोलीत एक संगणक होता. हजेरी कारकून बिचारा भला माणूस. पाळी सुटल्यावर एकेकजण आत जायचा, दार लावून घ्यायचा, चिठ्ठीवरून मत भरायचा. दोन वाजता सुरू केलं, पावणेचारला संपलं.

एक अडचण आली. मत पाठवायला ईमेल लागायचा आणि आमच्यातल्या बहुतेकांकडे तो नव्हता. कारकुनाने डोकं लढवलं. त्याने सगळ्यांसाठी एकसारखे पत्ते काढून ठेवले. लाँड्री सात, लाँड्री बारा, लाँड्री अठरा. बिल्ल्याचा जो नंबर तोच पत्ता. आम्हाला ते बरोबरच वाटलं. ज्या नंबराखाली आम्ही गठ्ठा बांधतो, त्याच नंबराखाली मत. खोट निघाली तर माणूस सापडला पाहिजे.

चार दिवसांनी, सकाळी साडेनऊला, निवेदक रेडिओवर हसत म्हणाला, "दोस्तांनो, यंदा एक नमुना सापडलाय. एक्केचाळीस मतं, एकच संगणक, पावणेदोन तास, आणि पत्ते कसले? लाँड्री सात, लाँड्री बारा! अरे मित्रा, लाँड्रीत बसून एवढं मळकं काम?" मागून कोणीतरी हसण्याचा आवाज लावला. मग त्याने सांगितलं की ही सगळी मतं बाद, आणि ज्या गाण्यासाठी हा उद्योग झालेला दिसतो ते 'तिसरा मजला' यंदाच्या कौलातून काढून टाकलं आहे.

रूळ चालू होता. चादर बाहेर आली, ताईने ती धरली, आणि धरूनच राहिली. मागची चादर तिच्यावर येऊन पडली, मग तिच्यामागची. रूळवाल्याने रूळ थांबवला. या वेळी ती "चालू कर" म्हणाली नाही.

संध्याकाळी लेक घरी आली. ते बोलणं ताईने मला दुसऱ्या दिवशी डबा खाताना सांगितलं, जसंच्या तसं. तिला काही सांगायचं तर ती जसंच्या तसंच सांगायची.

"आई, तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. आणि मी लबाडी केलेली नाही."

"त्यांनी नेटवर पत्त्यांची यादी लावलीये सगळ्यांना हसायला. त्यात अठरा आहे. अठरा नंबर मी चार वर्षांची असल्यापासून बघतेय, आई. त्या दोघींना मी काय सांगू?"

"एक्केचाळीस माणसांनी महिनाभर ऐकून मतं दिली, असं सांग."

"कोण विश्वास ठेवेल?"

"तू ठेवतेस का?"

लेक चप्पल घालून निघून गेली. त्यानंतर ती आली नाही, फोनही उचलत नव्हती.

"गाणं गेलं त्याचं नाही," ताई मला म्हणाली. "गाणी ती आणखी करेल. पण तिला वाटतं मी तिच्यासाठी चोरी केली. आणि तेही तिला कमी लेखून. म्हणजे गाणं आपल्या पायावर उभं राहणार नाही, असं आईलाच वाटलं." तिने डब्याचं झाकण लावलं. अर्धा डबा तसाच होता.

पुढच्या आठवड्यात बॉयलर तपासणीसाठी थंड केला, लाँड्री एक दिवस बंद होती. ताई स्टेशनवर गेली. सोबत मी होतो. तिच्या पिशवीत एक्केचाळीस चिठ्ठ्या होत्या, दोऱ्याने बांधलेल्या.

स्टेशन एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. जाड गालिचा, भिंतींना कापूस भरलेलं कापड. आपल्याच पावलांचा आवाज येत नव्हता. निवेदक सव्वीस-सत्तावीसचा असेल. आवाजावरून वाटायचा त्याहून किरकोळ. वागायला चांगला होता, त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"काकू, अहो ती मजा होती."

"कोणाची?" ताईने विचारलं.

ताईने चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि दोरा सोडला. प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या हस्ताक्षरात, वेगळी दहा गाणी. तो चाळत राहिला. चाळताना त्याचं हसू ओसरत गेलं, हे मी कबूल करतो.

"बारा जणांनी तर 'तिसरा मजला' दिलंच नाहीये," तो म्हणाला.

"नसेल आवडलं."

"पण काकू, एकाच संगणकावरून इतकी मतं आली की यंत्र आपोआप बाद करतं. आमच्या हातात नसतं."

"तुमच्या नियमात एका माणसाला एक मत असं लिहिलंय. एका यंत्राला एक, असं कुठे लिहिलंय? आणि हसलं ते यंत्र हसलं का?"

तो चिठ्ठ्या सारख्या करायला लागला.

"या यादीतली किती गाणी तुम्ही पूर्ण ऐकलीत?" ताईने विचारलं. तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सगळी कशी ऐकणार, काकू? कामं असतात."

"आम्ही ऐकली. काम करत."

मग तिने मागणं सांगितलं. गाणं परत घेऊ नका. मतं मोजू नका. फक्त जिथे बोललात तिथेच सांगा, की ही एक्केचाळीस जिवंत माणसं आहेत आणि यांनी खोटं केलेलं नाही. तो म्हणाला, "नक्की सांगतो. शनिवारी सांगतो." दारापर्यंत सोडायला आला.

शेवटच्या शनिवारी आठ वाजता उलटी मोजणी सुरू झाली. आम्ही सगळे कान देऊन काम करत होतो. शंभर, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव. ताईच्या घड्या नेहमीसारख्या. दुपारी एकच्या सुमारास यादी पन्नाशीवर आली तेव्हा निवेदक म्हणाला, "अरे हो, त्या लाँड्रीवाल्या मावशी भेटून गेल्या बरं का! इतक्या गोड आहेत! आपण त्यांना माफ करून टाकलंय. लाँड्रीवाल्यांनो, आता सगळं धुतलं गेलं!" आणि पुढचं गाणं लागलं.

ताईने हातातली चादर पुरी केली. चारही घड्या. गठ्ठ्यावर ठेवली. मग दोऱ्यांच्या कपाटापाशी गेली आणि रेडिओ बंद केला.

"ताई, अजून पन्नास गाणी आहेत," रूळवाला म्हणाला.

"ज्याला ऐकायची त्याने लावावा."

कोणी लावला नाही. एरवी गाण्यात बुडणारा रुळाचा घरघराट त्या दिवशी दोन वाजेपर्यंत ऐकू आला.

सोमवारी ती मुकादमाकडे गेली आणि रविवारच्या जादा पाळ्या मागितल्या. वय अठ्ठावन्न, गुडघे दुखरे, रविवार हा तिचा एकच मोकळा दिवस.

"लेकीचं लग्नबिग्न काढलंय का?" मुकादमाने विचारलं.

"नाही."

"मग एवढ्या पैशांचं करणार काय?"

"खर्च."

तिने अकरा रविवार काम केलं. आम्ही वर्गणीचं विचारून पाहिलं. ती म्हणाली, "हा गठ्ठा माझ्या टेबलावरून गेला. निस्तरणं माझ्याकडे." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आठव्या रविवारी तिचा डावा हात रुळाच्या कडेला लागला. मनगटावर बोटाएवढा भाजल्याचा डाग पडला. मलम लावलं, चिंधी बांधली, आणि त्या तासाच्या शंभर चादरी पुऱ्या केल्या. मी मोजल्या होत्या. या वेळीही मला दुसरं काही सुचलं नाही.

अकराव्या रविवारानंतर ती वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. जाहिराती घेणाऱ्या माणसाने विचारलं, "कशात घालू? हरवलं-सापडलं, भाड्याने देणे, की निधन?"

"कोणी मेलेलं नाही," ताई म्हणाली. "यादी छापायची आहे."

त्याने मजकूर वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाला, "मावशी, यात मागणी काहीच नाही. कोणाला दोष नाही. वाचणाऱ्याने करायचं काय?"

"वाचायचं."

पाव पान लागलं. वर चार ओळी: आम्ही खाली नावं दिलेले एक्केचाळीस जण रुग्णालयांच्या लाँड्रीत काम करतो. आम्ही यंदाची सर्व गाणी प्रत्येकी तीनदा ऐकली आणि प्रत्येकाने आपल्या मनाने मत दिलं. आमच्या मतांवरून आलेली पहिली दहा गाणी ही. त्यात 'तिसरा मजला' तिसरं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत एक्केचाळीस ओळी. बिल्ल्याचा नंबर, पूर्ण नाव, काम, किती वर्षं, आणि शेवटी त्या माणसाने 'तिसरा मजला'ला दिलेली जागा. रूळवाला, पहिली. गठ्ठे बांधणारा, दिलं नाही. मी, नववी. नाव छापण्याआधी ताईने प्रत्येकाची परवानगी घेतली होती. ज्यांनी दिलं नव्हतं ते चुळबुळले, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्यामुळेच बाकीचे खरे ठरतात."

जाहिरात बुधवारी आली, सातव्या पानावर. स्टेशनने तिच्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. आमच्याकडे मात्र पाळीच्या सुरुवातीलाच चार अंक फिरत होते आणि जो तो आधी आपलं नाव शोधत होता.

दोन वाजता आम्ही फाटकातून बाहेर पडलो तर लेक उभी होती. औषधांच्या दुकानातला पांढरा कोट अंगावर तसाच, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. आम्ही बाजूला झालो, पण ऐकू येईल इतकेच.

"सहावी?" ती म्हणाली.

ताईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वर्तमानपत्राकडे.

"अठरा नंबरसमोर सहावी जागा लिहिलीये. आई, तू मला सहावी जागा दिलीस?"

"दुसऱ्या कडव्यात घाई केलीस."

"ड्रम पळत होता!"

"ऐकणाऱ्याला काय माहीत कोण पळतंय. त्याच्याआधीची पाच गाणी तुझ्याहून चांगली होती. सोबत बस, एकेक सांगते."

लेक हसायला लागली. हसता हसताच तिने डोळे पुसले, त्याच वर्तमानपत्राने. मग तिला आईच्या मनगटावरचा डाग दिसला. तिने हात धरला, उलटा केला, नीट पाहिला. दुकानात औषधं देणारी मुलगी ती, हा डाग किती आठवड्यांचा आहे हे तिला सांगावं लागलं नाही. "रविवारी पण जात होतीस?" एवढंच तिने विचारलं. दोघी बसच्या दिशेने निघाल्या. दुसऱ्या कडव्यावरून त्यांचं भांडण जुंपलेलं कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

अकरा रविवारांची मजुरी त्या पाव पानात गेली. मी ते कापून ठेवलं आहे. एक्केचाळीस नावांत एकही अक्षर चुकलेलं नाही. छपाईच्या आधी ती दोनदा कचेरीत जाऊन, पट्टी लावून, एकेक ओळ तपासून आली होती.